शर्ली टेंपलवर एकपात्री बसवायची असेल तर

डिसेंबर तोंडावर आला की आमच्या गोव्यात फोंडा-माशेल-डिचोली बाजूला गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि आयांचे मेसेज येतात, पोरीला एकपात्रीसाठी काहीतरी वेगळं सुचव गो. जिजाबाई, सावित्रीबाई, झाशीची राणी दर वर्षी असतातच आणि असायलाच हव्यात, पण एका संध्याकाळी तीन झाशीच्या राण्या येऊन गेल्या की परीक्षकसुद्धा चहा कधी येतो बघायला लागतात. वेगळं हवंय ना, मग शर्ली टेंपल घ्या, १९३० च्या दशकात गाजलेली हॉलिवूडची बालनटी. फक्त कुरळे केस आणि फुगीर फ्रॉक घालून पोरीला नाचवायचं एवढंच डोक्यात असेल तर नका घेऊ, तो फॅन्सी ड्रेस झाला, एकपात्री नव्हे.

आधी हिशोब करा. साधारण आठ मिनिटं मिळतात, म्हणजे थांबे धरून साडेसातशे-आठशे शब्द. त्यातली तीन मिनिटं बालपणाला आणि पाच मोठेपणाला द्या, बहुतेक लोक उलटं करतात. सिनेमातली टेंपल १९५० साली वयाच्या बाविसाव्या वर्षी संपली, आणि ती बाई गेली २०१४ मध्ये ८५ वर्षांची होऊन, मधली त्रेसष्ट-चौसष्ट वर्षं एका वाक्यात उरकायची म्हणजे काय! म्हणून मोठी झालेली बाई मागं वळून बोलतेय असंच लिहा. यात मुलीचीही सोय होते, सतत लाडं लाडं बोलावं लागत नाही.

बालपणातलं काय घ्यायचं? जन्म १९२८, सांता मोनिका, बाप बँकेत नोकरीला. तीन वर्षांची असताना आईनं डान्सच्या क्लासला घातली, तिथूनच सिनेमात गेली. १९३५ ते १९३८ सलग चार वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त गल्ला जमवणारं नाव हिचं, मोठमोठे हिरो हिच्या खाली. आई रोज केसांचे मोजून ५६ कुरळे करायची, आणि स्टुडिओनं वय एक वर्षानं कमी करून ठेवलेलं, ते पोरीलाही माहीत नव्हतं. ही दोन वाक्यं नुसती बोलली तरी हॉल हसतो, हसू द्या, कारण लगेच पुढं बर्फाची पेटी आणायचीय.

बर्फाची पेटी म्हणजे काय, तर अगदी सुरुवातीच्या छोट्या फिल्म्सच्या वेळी सेटवर मस्ती करणाऱ्या पोरांना एका अंधाऱ्या पेटीत बंद करायचे, आत बर्फाची लादी, बसायचं तर बर्फावरच. हे तिनं स्वतः १९८८ च्या आत्मचरित्रात लिहिलंय. याला सेटबिट काही लागत नाही. शाळेतलं एक बुटकं स्टूल घ्या, मुलीनं गुडघे छातीशी घेऊन त्यावर बसायचं, हात मांड्यांखाली, आणि आवाज एकदम साधा ठेवायचा. रडायचं नाही! आमच्याकडे एकपात्री म्हटलं की पाचव्या मिनिटाला हुंदका ठरलेला असतो, इथं तो आला तर सगळं फुकट, कारण त्या पेटीतून आपण वेळ म्हणजे पैसा एवढं शिकलो असं ती बाई कोरडेपणानं सांगते आणि त्या कोरडेपणानंच अंगावर काटा येतो.

नाच हवाच असेल तर अर्धा मिनिट, त्याहून जास्त नको. १९३५ चा जिन्यावरचा टॅप नाच घ्या, म्हणजे बुटांच्या ठोक्यांवरचा, नर्तक बिल रॉबिन्सनबरोबरचा. तो काळा, ही गोरी, आणि अमेरिकेत काळा-गोरी अशी जोडी पडद्यावर नाचताना तोवर कुणी बघितली नव्हती, हे एक वाक्य नाचायच्या आधी बोलून टाका म्हणजे नाचाला अर्थ येतो. टॅपचे बूट इथं कुठं मिळणार, शोधत बसू नका. शाळेचेच काळे बूट आणि खाली प्लायवूडचा तुकडा, माईकवाल्याला सांगून एक माईक जमिनीजवळ. देवळाच्या मंडपात कार्यक्रम असेल तर फरशीवर काही ऐकू येत नाही, तिथं प्लायवूड न्याच.

आता पैशाची गोष्ट. हिला दोन मिनिटं द्या असं मी सांगेन. लग्न झाल्यावर तिनं कागदपत्रं काढून बघितली तर लहानपणापासून कमावलेल्या ३२ लाख डॉलरांपैकी साधारण ४४ हजार उरलेले. सांभाळायला बाप, आणि बाप बँकेतला! प्रॉप म्हणून एक पासबुक हातात द्या, उघडायचं, बघायचं, मिटायचं, बस्स. तिनं बापाला कोर्टात खेचलं नाही. तिच्या आधीचा बालकलाकार जॅकी कूगन यानं मात्र आईवर केस केली होती आणि त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवायचा कायदा झाला. रिअ‍ॅलिटी शोला पोरं पाठवणारे आईबाप समोर बसलेले असतात, ते हे कान देऊन ऐकतात.

मग मोठेपणातली उरलेली तीन मिनिटं. इथं पदांची यादी वाचलीत की झोप. १९६७ ला अमेरिकन काँग्रेससाठी उभी राहिली आणि पक्षाच्या उमेदवारीतच हरली, ही व्हिएतनाम युद्धाच्या बाजूनं, जिंकलेला विरोधात. हरलेलं गाळू नका, आणि तिची सगळी मतं आपल्याला पटायलाच हवीत असंही नाही. १९६९ ला युनोत प्रतिनिधी, १९७४ ला घानात राजदूत, १९७६ ला अमेरिकेची पहिली महिला चीफ ऑफ प्रोटोकॉल, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या सरकारी मानपानाची प्रमुख, हे तीन वाक्यांत चालत चालत बोलून टाका.

थांबायचं दोन ठिकाणी. एक १९७२, स्तनाचा कर्करोग. तेव्हा यावर कुणी उघड बोलत नव्हतं, ही ऑपरेशननंतर जाहीरपणे बोलली आणि बायकांना तपासून घ्या म्हणाली. शाळेतून कुणीतरी सांगेलच की शब्द बदला, 'गंभीर आजार' म्हणा. बदलू नका, बाई जे लपवलं नाही म्हणून मोठी झाली तेच आपण लपवायचं का?

दुसरं ठिकाण प्राग, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी. तिच्या भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता, त्या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कामासाठी ती ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागला गेलेली, आणि नेमके तेव्हाच सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. कशीबशी बाहेर पडली. १९८९ ला तीच बाई तिथं राजदूत म्हणून परत गेली आणि काही महिन्यांतच लोक रस्त्यावर उतरून कम्युनिस्ट सरकार गेलं. रणगाड्यांसाठी रेकॉर्डेड आवाज नको, घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजवणारा एखादा मुलगा विंगेत बसवा, हळू हळू ठोका वाढवत न्यायचा आणि मुलीनं खिडकीचा पडदा बाजूला केल्यासारखं करताच बंद. १९८९ ला तीच हालचाल परत, पण यावेळी घुमट नाही, कोरसच्या पोरांनी किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवायचे, प्रागच्या लोकांनी खरंच तसंच केलं होतं.

तालमीचं एकच. आमची पोरं घरात कोंकणी आणि स्टेजवर मराठी, घाईत 'मी'च्या जागी 'हांव' निघून जातं, म्हणून स्क्रिप्ट मनात नाही तर मोठ्यानं वाचूनच पाठ करून घ्या, आणि परदेशी नावं आधी दहा वेळा तोंडात घोळवा. कुरळ्या केसांचा विग भाड्यानं आणायचा असेल तर तो डोक्यावर नको, पहिल्या मिनिटाला हातात धरून दाखवायचा आणि खुर्चीवर ठेवून द्यायचा. साडी नको, साधा कोट चालेल, वडिलांचा असला तर बाह्या दुमडून टाचून घ्या नाहीतर पासबुक काढताना हात अडकतो.