जंगलातल्या पोस्टडॉकची दोन वर्षं

पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी (पोस्टडॉक) एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही केंद्र सरकारची संस्था, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप (एनपीडीएफ) देते. पूर्वी ती एसईआरबी (सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड) देत असे. ती 2 वर्षांची असते. वयोमर्यादा 35, महिला, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना 5 वर्षांची सूट. मेंटर, म्हणजे ज्याच्याकडे काम करायचं तो मार्गदर्शक, कायम पदावरचा हवा. एवढं जाहिरातीतच वाचायला मिळतं. वन्यजीवांवरचं काम मात्र अडतं ते परवानगीपाशी आणि पावसाळ्यापाशी.

अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा. प्राणी पकडून त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा, म्हणजे रेडिओ कॉलर, लावायची असेल, तर कायद्याच्या व्याख्येत पकडणं हीसुद्धा शिकारच, म्हणून संशोधनासाठी वेगळा परवाना देणारं कलम 12 लागू होतं. वाघासारख्या, कायद्याच्या अनुसूची 1 मधल्या प्राण्यासाठी तर केंद्राची पूर्वपरवानगीही हवी. फाइल महिनोन्‌महिने फिरते आणि फेलोशिप रुजू झाल्या दिवसापासून संपत जाते. त्यामुळे 2 वर्षांच्या कामात कॉलर धरूच नये, हे आमचं स्पष्ट मत. मेंटरकडे चालू परवाना असेल आणि त्यात तुमचं नाव घालता येत असेल, तरच विचार करा.

कॅमेरा ट्रॅपचा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचा, हिशेब आधी मांडा. राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 2 चौ. किमीच्या चौकटीत कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे. 100 चौ. किमीसाठी 50 जागा, म्हणजे 100 कॅमेरे, शिवाय चोरीला गेलेल्या आणि हत्तींनी मोडलेल्यांच्या जागी लावायला जादा. फेलोशिपच्या संशोधन निधीत हे बसत नाही. कॅमेरे कोणाचे, कोणत्या महिन्यांत मिळणार, हे प्रस्तावातच लिहा. कॅमेऱ्यांनी नोंदी घेण्याचा काळ लांबवू नका. कालावधी वाढला की जन्म, मृत्यू, स्थलांतर मध्ये येतात आणि प्राण्यांच्या संख्येचं गणित बिघडतं.

पावसाळ्यात गाभा क्षेत्रातले रस्ते चिखलाने बंद होतात, लेन्सवर बाष्प धरतं. जूनमध्ये रुजू होणार असाल तर पहिले चार महिने जुन्या माहितीच्या विश्लेषणाला द्या, आणि ती माहिती वापरायची लेखी संमती अर्जाआधीच मिळवा.

प्रश्न ठरवताना तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोला. गुरं कुठे मारली जातात, वणवा कुठून शिरतो, हे त्यांना आणि वनरक्षकांना पक्कं ठाऊक असतं. प्रस्ताव त्यातून उभा राहिला तर निष्कर्ष वापरलेही जातात. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, म्हणून ठरलेली प्रत्येक गोष्ट पदनामाने लेखी घ्या, आणि हंगाम संपला की दोन पानांचा मराठी अहवाल परिक्षेत्र कार्यालयात स्वतः नेऊन द्या.