संशोधकाचे दप्तर अभिलेखागाराकडे सोपवण्यापूर्वीची तयारी

संशोधकाचे दप्तर अभिलेखागाराकडे सोपवायचे ठरले की घरच्यांना आणि सहकाऱ्यांना पहिला मोह होतो तो आवराआवरीचा, आणि तयारीच्या यादीतले पहिले काम हा मोह आवरणे हेच आहे. कपाटे, खण, टेबलावरचे गठ्ठे आणि खोक्यांवरची जुनी लेबले जशी आहेत तशी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक फडताळाला क्रमांक द्यावा आणि त्यानंतरच एखादी फाइल उचलावी. एका व्यक्तीची कागदपत्रे दुसरीच्या कागदपत्रांत मिसळू नयेत आणि त्या व्यक्तीने लावलेला क्रम शक्यतो मोडू नये, हे तत्त्व अभिलेखशास्त्रात १९व्या शतकातच रुजले. फ्रान्समध्ये १८४१ साली निघालेल्या सूचनेने त्याचा पहिला भाग सरकारी दप्तरांना लागू केला आणि १८९८ साली तिघा डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या नियमपुस्तिकेने दुसऱ्या भागाला शिस्तबद्ध रूप दिले. यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. एकाच फाइलीत सहकाऱ्याचे पत्र, अर्धवट आलेख आणि नाकारलेल्या लेखाचे परीक्षण सापडले तर त्या आठवड्यात काय चालले होते ते कळते. तीच तीन पाने विषयवार तीन नव्या फाइलींत गेली की तो धागा तुटतो आणि कितीही हुशार अभ्यासकाला तो पुन्हा जोडता येत नाही.

यानंतर कच्ची यादी करावी. ती देखणी असण्याची गरज नाही. खोक्याचा क्रमांक, ते कुठे ठेवलेले होते, आतल्या कागदांचा साधारण काळ, त्यांचा प्रकार आणि एक-दोन वाक्यांत आशय एवढे पुरे आहे. प्रत्येक पत्राची स्वतंत्र नोंद करत बसू नये, कारण ते काम संस्था आपल्या पद्धतीने करणारच असते. अभिलेखागारे संग्रहाचा आकार फडताळावर व्यापलेल्या लांबीवरून, म्हणजे मीटरमध्ये मोजतात, तेव्हा पहिल्या पत्रातच हा आकडा कळवला तर पुढचे बोलणे सोपे होते. मात्र संस्थेला नंतर कधीच करता येणार नाही असे एक काम याच टप्प्यावर उरकावे लागते, ते म्हणजे माहितगारांकडून अर्थ लावून घेणे. वह्यांच्या मुखपृष्ठांवरच्या खुणा, आद्याक्षरांनी उल्लेखलेले सहकारी, उपकरणांची टोपणनावे, स्वतःपुरती तयार केलेली संक्षेपचिन्हे, तारखेत दिवस आधी लिहिला आहे की महिना, या साऱ्याची किल्ली एखाद-दुसऱ्या माणसाच्या डोक्यात असते. संशोधक हयात असतील तर खोकी त्यांच्यासमोर ठेवून संभाषण ध्वनिमुद्रित करावे. नसतील तर विद्यार्थी, तंत्रज्ञ, टंकलेखक आणि कुटुंबीय यांना विचारावे. तंत्रज्ञांना सहसा कोणी विचारत नाही, पण कोणते यंत्र कोणत्या वर्षी चुकीची मापे देत होते हे बरेचदा त्यांनाच ठाऊक असते. यादीतल्या बाकी कशालाही वेळ कमी पडला तरी एक वेळ चालेल, या कामाला पडू देऊ नये.

संस्था निवडताना ती संपूर्ण दप्तर एकत्र घेणार आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. न्यूटनच्या कागदपत्रांपैकी गणिती आणि वैज्ञानिक कागद तेवढे केंब्रिज विद्यापीठाने ठेवून घेतले आणि किमया, धर्मशास्त्र इत्यादी विषयांवरचे कुटुंबाकडे परत केले. १९३६ साली लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ते ३२९ गटांमध्ये विकले गेले आणि जगभर पांगले. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी त्यांतले बरेचसे पुढे मिळवून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजला दिले आणि धर्मशास्त्रावरच्या लेखनाचा मोठा भाग जेरुसलेमला पोहोचला, तरी फाळणी व्हायची ती होऊन गेली. 'वैज्ञानिक' आणि 'खासगी' अशी वाटणी दात्याने स्वतःहून करू नये, आणि संस्था ती सुचवत असेल तर दुसरी संस्था शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय वाचनकक्ष कोणाला खुला असतो, सूची किती काळात तयार होते, डिजिटल फायली सांभाळण्याची व्यवस्था आहे का आणि संस्था बंद पडली तर संग्रहाचे काय होईल, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत.

काय ठेवावे आणि काय टाकावे, हा निर्णय अभिलेखपालाच्या भेटीनंतर घ्यावा. रामानुजन यांच्या अखेरच्या वर्षातल्या कामाची शंभराहून अधिक पाने गणितज्ञ जी. एन. वॉटसन यांच्याकडे होती. १९६५ साली वॉटसन वारले तेव्हा त्यांच्या खोलीतला कागदांचा ढीग जाळला जाणार होता, तो वेळेवर आलेल्या एका गणितज्ञामुळे वाचला, १९६८ साली ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेला आणि १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांना त्यात ती पाने सापडली. म्हणजे दुसऱ्याच्या दप्तरात तिसऱ्याचे मोलाचे काम असू शकते. छापील लेखांच्या जादा प्रती, सर्वत्र मिळणारी पुस्तके, किरकोळ बिले यांना अभिलेखागार बहुधा नको म्हणेल. पण प्रयोगाच्या नोंदवह्या, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी, कच्ची मोजमापे, लेखांचे खर्डे, निधीसाठीचे अर्ज आणि त्यांवरचे नकार हे सारे ठेवावे, मग ते कितीही गबाळे दिसो. वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा मठवासी मेंडेल याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८८४ नंतर, मठात त्याची टिपणे जाळली गेली. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी त्याचे आकडे अपेक्षित गुणोत्तरांशी अवास्तव जुळतात अशी शंका घेतली तेव्हा पडताळून पाहायला मूळ नोंदी उरलेल्याच नव्हत्या, आणि तो वाद पुढे कित्येक दशके चालला. प्रयोगशाळेतून आलेल्या वह्यांवर रसायने सांडली आहेत का, किरणोत्सारी द्रव्यांशी त्यांचा संबंध आला होता का, हेही यादीत लिहावे. मारी क्यूरींच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही शिशाचे अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवाव्या लागतात, कारण रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचा आहे.

डायऱ्या, कौटुंबिक पत्रे आणि आत्मकथनाची टिपणे हाताळताना वारसांचा हात आखडतो, ते स्वाभाविक आहे. त्यावर उपाय फाडणे हा नसून मुदत घालणे हा आहे. डार्विनच्या आत्मवृत्तातला धर्मविषयक मजकूर कुटुंबाने १८८७ सालच्या छापील आवृत्तीतून वगळला, पण हस्तलिखिताला हात लावला नाही, म्हणूनच १९५८ साली त्याच्या नातीला संपूर्ण पाठ प्रसिद्ध करता आला. नोबेल पुरस्कारांची नामांकने ५० वर्षे गुप्त ठेवली जातात आणि मग अभ्यासकांना खुली होतात. तशीच ठरावीक मुदत एखाद्या फाइलीला, क्वचित एखाद्या खोक्याला घालता येते. मुदतीची तारीख मात्र स्पष्ट असावी. 'कुटुंबाच्या परवानगीनेच पाहता येईल' अशी अट दोन पिढ्यांनी कोणाकडून सोडवून घ्यायची, हे कोणालाच कळत नाही. रुग्णांची किंवा सर्वेक्षणात भाग घेतलेल्यांची माहिती, विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रे आणि गोपनीय परीक्षणे यांची वेगळी नोंद करून ती पाने कोणत्या फाइलीत आहेत ते दाखवावे, पण ती तिथून काढू नयेत.

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर मुलाखतीपूर्वीच लेखी संमतिपत्र तयार ठेवावे, कारण मुलाखत संपल्यावर, विशेषतः बोलणारी व्यक्ती वयस्क असेल तर, सही राहून जाते. त्यात मुद्रण कोण ऐकू शकेल, त्यातला मजकूर छापता येईल का आणि संमती मागे घेता येईल का, हे लिहिलेले असावे. मुद्रण वेव्ह फाइलीत, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जाने करावे. एमपी३ ही ऐकण्यासाठीची प्रत समजावी, मूळ प्रत नव्हे. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे मोठ्याने उच्चारावीत.

प्रत्यक्ष कागद हाताळताना थोडे नियम पाळले तरी पुरते. हात धुऊन कोरडे करावेत. सुती हातमोज्यांनी कागदाच्या कडा फाटतात, त्यामुळे हातमोजे फक्त छायाचित्रे आणि निगेटिव्ह यांच्यासाठी, तेही नायट्राइल या कृत्रिम रबराचे वापरावेत. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या अलगद काढून कागद घडीच्या कोऱ्या पत्रकात एकत्र ठेवावेत. सेलोटेप लावू नये, लावलेली ओढून काढू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते नंतर निघत नाही. खुणा मऊ पेन्सिलीनेच कराव्यात. जुन्या फॅक्सचा उष्णतेने उमटणारा कागद पांढरा पडत जातो, म्हणून त्याची आधी छायाप्रत काढावी आणि दोन्ही एकत्र ठेवावेत. छायाचित्रातल्या व्यक्तींची नावे पाकिटावर डावीकडून उजवीकडे अशा क्रमाने लिहावीत. बुरशी दिसली तर ती झटकू नये, ते खोके वेगळे ठेवून संस्थेला कळवावे. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे असे समजावे, आणि १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ मिलिमीटर फिल्म असेल तर ती ज्वालाग्राही नायट्रेटची असू शकते, तेव्हा संस्थेला विचारल्याशिवाय ती हलवू नये.

डिजिटल दप्तराला कागदापेक्षा अधिक घाई असते. कागद कपाटात पडून राहिला तरी चालते. फ्लॉपी, सीडी किंवा हार्ड डिस्क पडून राहिली की ती वाचणारे यंत्र, फाइल उघडणारी प्रणाली आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस यांपैकी काहीतरी आधी नाहीसे होते. अपोलो ११च्या चांद्रमोहिमेत उतरवून घेतलेल्या मूळ टेलिमेट्री टेपांचा, म्हणजे यानाकडून आलेले संकेत नोंदवलेल्या टेपांचा, नासाने शोध घेतला, तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात असा निष्कर्ष २००९ साली निघाला. म्हणून प्रथम सारी माध्यमे एकत्र करून त्यांवर क्रमांक घालावेत आणि त्यांतला मजकूर बदल न करता उतरवून घ्यावा. फायलींची नावे आणि फोल्डरांची रचना मूळचीच ठेवावी, कारण मूळ क्रमाचा नियम इथेही लागू आहे, आणि नुसती फाइल उघडून जतन केली तरी तिची तारीख बदलते. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखसंख्या, यादीला जोडावा, म्हणजे पुढे प्रत केल्यावर एखादा बिटही बदलला असेल तर कळेल. मूळ फाइलीसोबत टिकाऊ स्वरूपातली प्रत द्यावी: दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए, तक्त्यांसाठी सीएसव्ही, चित्रांसाठी टिफ. देवनागरीत काम केलेल्यांची एक खास अडचण असते. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरप्रणाली, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, तेव्हा फॉन्टचे नाव, शक्य असल्यास फॉन्टची फाइल, युनिकोडमध्ये रूपांतरित केलेली प्रत आणि पानाची छापील प्रत अशा चारही गोष्टी द्याव्यात. मोजमापांच्या तक्त्यात प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ सांगणारी साधी मजकूर-फाइल जोडली नाही तर तो तक्ता नुसता आकड्यांचा ढिगारा ठरतो. सर्न या युरोपीय भौतिकी-संशोधन संस्थेतून २०१३ पासून चालणाऱ्या झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात मोजमापांचे काही संच आधीच ठेवले असतील तर त्यांचे डीओआय, म्हणजे कायमची ओळख देणारे, क्रमांक यादीत लिहावेत. संस्थेने पोच देईपर्यंत तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी ठेवावी.

हक्कांची बाजू अनेकांना अनपेक्षित वाटते. आलेल्या पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या मालकीचा असतो, पण त्यातल्या मजकुराचा प्रताधिकार सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. त्यामुळे दाता जे देऊ शकत नाही ते करारात दिल्याचे लिहू नये. दानपत्रात मालकी कोणाकडे जाते, दात्याच्या स्वतःच्या लेखनाचे हक्क दिले की राखले, डिजिटल प्रती संकेतस्थळावर ठेवता येतील का, आणि संस्थेला नको असलेले कागद परत करायचे की नष्ट करायचे, या मुद्द्यांवर स्वतंत्र वाक्ये असावीत. संशोधक हयात असतील तर इच्छापत्रात संस्थेचे नाव घालणे उत्तम. आइनस्टाइन यांनी १९५० सालच्या इच्छापत्रात आपले लेखन जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी राखून ठेवले होते, आणि ते १९८२ साली तिथे पोहोचले.

पाठवणीच्या दिवशी खोकी काठोकाठ भरू नयेत, नाहीतर तळातून फाटतात, आणि अर्धवटही ठेवू नयेत, कारण आतले कागद वाकतात. प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना क्रमांक घालावा, पूर्ण यादीची एक प्रत पहिल्या खोक्यात ठेवावी आणि दुसरी स्वतःकडे. खोकी पोहोचल्यावर क्रमांकवार मोजून सही-तारखेनिशी पोच घ्यावी. घरात नंतरही चार-दोन पाने सापडतच राहतात. ती जुन्या खोक्यात घुसवण्याचा आग्रह न धरता ती कुठे आणि कशासोबत सापडली एवढे लिहून, त्याच पोचक्रमांकाचा हवाला देऊन पुढची भर म्हणून पाठवावीत.