मोजणी मागवताय? आधी या चुका टाळा

"साहेब, आमचं शेत मोजून द्या" म्हणत कुणी आलं की मी विचारतो, "कोणती मोजणी?" समोरचा गोंधळतो. मोजणी म्हणजे मोजणी, त्यात कोणती काय! जमीन मोजणारा सरकारी भूकरमापक म्हणून साखळी, फलक आणि शेवटी मशीन घेऊन तीस वर्षं बांध तुडवले, निवृत्त झालो, तरी हे संपलेलं नाही.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. हद्द कायम मोजणीत अख्ख्या गटाच्या बाहेरच्या हद्दी दाखवतात. आत भावाभावांनी तोंडी वाटून घेतलेल्या तुकड्यांशी तिला देणंघेणं नाही. ते तुकडे नकाशावर आणायला पोटहिस्सा मोजणी लागते. तिच्यासाठी सगळ्या सहधारकांची संमती हवी, नाहीतर वाटपाचा हुकूम.

शहरातल्या एका गृहस्थांनी तीन भावांच्या सामाईक गटातला 'ओढ्याकडचा एकर' घेतला. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या, फोटो जोडलेले, सगळं झकास. अर्ज मात्र हद्द कायमचा, तोही तातडीची फी भरून. मोजणीच्या दिवशी सिमेंटचे खांब, काटेरी तारेची भेंडोळी आणि दोन गडी तयार. मी गटाचे कोपरे दाखवून सामान आवरायला लागलो, तर म्हणाले, "आणि माझा एकर?" तो नकाशावर नव्हताच. पोटहिश्शासाठी धाकटा भाऊ सही देईना. खांब दोन पावसाळे ओढ्याकाठी पडून होते, गावाच्या शेळ्या त्यांना बांधलेल्या मी पाहिल्यात. जमीन घेताना ही माणसं गटाचा नकाशा अर्धा तास बघत नाहीत, मोजणी मात्र उद्याच हवी!

दुसरी चूक बांधाची. आजोबांपासूनचा बांध म्हणून तीच हद्द, असं धरून चालू नका. दर नांगरटीला वीतभर सरकत गेलेले बांध मी गावोगाव पाहिलेत. मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, वहिवाट आणि अभिलेखाची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. ती प्रत लोक फाइलीत ठेवून देतात, वाचत नाहीत. शेतात उभं राहून ती भूकरमापकाकडून समजून घ्या. माझी आणखी एक सवय आहे. हद्दीचा दगड पुरताना खड्ड्यात मूठभर कोळसा टाकायला लावतो. दगड रात्रीतून 'चालत' गेला तरी कोळसा जागेवर सापडतो.

शेत मोजायला मोबाइल हातात धरून फेरी मारू नका. मोकळ्या रानातसुद्धा तो तीन-चार मीटर चुकतो आणि गुंठ्याची बाजूच मुळात दहा मीटरची.

आर म्हणजे गुंठा नव्हे. गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट; आर साधारण १०७६. सातबाऱ्यावरचे ४० आर 'एकर' म्हणून घेतलेत, तर पाचशे चौरस फुटांचे पैसे हवेत गेले.

जुन्या खतात सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते दाखवणारे एकत्रीकरणाचे उतारे काढल्याशिवाय अर्जच करू नका.

लगतच्या खातेदारांचे पत्ते अर्जात नीट लिहा. नोटीस पोचली नाही की ऐन मोजणीला शेजारी आडवा येतो, आणि त्याचं चूक नसतं.

मोजणी पटली नाही तर भूकरमापकाशी हुज्जत घालून काही होत नाही. निमताना मोजणीचा अर्ज करा, मग भूमी अभिलेख खात्याचे उपअधीक्षक स्वतः येऊन तपासतात. तोवर तेवढे दगड उपटू नका.