एमएस्सी न्यूट्रिशन आणि दवाखान्यातली इंटर्नशिप: दोन्ही एकाच वेळी कसं निभवायचं

आधी एक घोळ मिटवून टाकू, कारण आमच्याकडच्या ज्युनियर पोरी नेमक्या तिथंच अडकतात. नव्या शैक्षणिक धोरणानं एमएस्सीच्या पहिल्या वर्षात ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) आणलं, ते म्हणजे आरडीची (रजिस्टर्ड डाएटिशियनची) इंटर्नशिप नव्हे. ओजेटी चार क्रेडिटचं, १२० तासांचं, मार्कशीटपुरतं. रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनला सहा महिन्यांची दवाखान्यातली इंटर्नशिप दाखवावी लागते, आणि तीही त्यांच्या नियमात बसणाऱ्या दवाखान्यातली. तेव्हा एप्रन शिवायला टाकण्याआधी असोसिएशनला ईमेल करून विचारा, अमुक दवाखाना चालतो का. आलेलं उत्तर प्रिंट काढून फाईलला लावा. तोंडी ‘चालते ना, मागच्या बॅचच्या पोरींनी केली’ याच्यावर जाऊ नका.

आता खरा प्रश्न: दोन्ही एकाच वेळी करावं का? घरची ऐपत असेल तर करू नये, हे माझं स्पष्ट मत. चौथं सेमिस्टर संपवा आणि मग सहा महिने निवांत वॉर्डात घाला, शिकायला जास्त मिळतं. पण मी दर्यापूर तालुक्यातली. घरी कोरडवाहू शेती, आणि अमरावतीच्या रूमचं आणखी सहा महिन्यांचं भाडं म्हणजे बाबांच्या कपाळावर आठी. म्हणून मी चौथ्या सेमिस्टरला दोन्ही सोबत उरकलं. ज्यांची गत माझ्यासारखी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

चौथंच सेमिस्टर का? तिसऱ्यात लेक्चर आणि प्रॅक्टिकलचा भडिमार असतो, चौथ्यात रिसर्च प्रोजेक्टला वजन जास्त. आणि हा प्रोजेक्टच आपला सुटकेचा रस्ता आहे. प्रोजेक्टचा विषय वॉर्डातून उचला. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर घेतात तसं: सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरी येतं, तूर मागे उभी राहते, पण जमीन, नांगरट, डवरणी सगळं एकच. दवाखान्यात किडनीचे पेशंट बघायचे आणि प्रोजेक्ट मात्र ज्वारीच्या बिस्किटांच्या चवीवर करायचा, असं केलं की माणूस मेला. मी विषय घेतला डायलिसिसवरच्या पेशंटच्या आहाराचा. आमचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, गावोगाव किडनीचा पेशंट ऐकायला मिळतो, त्यामुळे विषय शोधायला लायब्ररीत जावं लागलं नाही.

पण इथं एक अट आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. पेशंटची माहिती प्रोजेक्टसाठी वापरायची तर दवाखान्याच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते. मंजुरीच्या आधी गोळा केलेला डेटा प्रोजेक्टात धरता येत नाही, मग तुम्ही कितीही मन लावून लिहिलेला असो. कमिटी काही रोज बसत नाही, तिच्या तिच्या तारखा असतात. म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा, तिसऱ्या सेमिस्टरलाच तयार करून कमिटीच्या ऑफिसात देऊन टाका. संमतीपत्र मराठीत करा आणि ते आपल्या आजीला वाचून दाखवा. तिला कळलं तर पेशंटला कळेल. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही’ असलं काही लिहिलं तर पेशंटला वाटते जमिनीचा कागद आहे, आणि अंगठा द्यायला तो घाबरतो. पेशंटचं नाव प्रोजेक्टात येऊ द्यायचं नाही, नंबर द्यायचा. केस पेपरचा फोटो मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, ‘जरा बघून सांग ना’ म्हणूनसुद्धा नाही.

मग ड्युटीची आखणी. इंटर्नशिपमध्ये किचन, वॉर्ड, आयसीयू आणि ओपीडी असं फिरवतात. कोणतं कधी घ्यायचं हे मागून घेता येतं, फक्त पहिल्या आठवड्यातच मागायचं. किचनची ड्युटी उजाडायच्या आधी सुरू होते आणि दुपारचं जेवण वॉर्डात गेलं की ढिली पडते. म्हणून दुपारी प्रॅक्टिकल असतील त्या महिन्यात किचन घ्या. आयसीयूचा राउंड लांबतो, डॉक्टर येतील तेव्हा येतील. तो कॉलेजच्या सुट्ट्यांत टाका. विभागप्रमुखांकडून हजेरीबाबत लेखी पत्र घ्या आणि त्याची एक प्रत डाएटिशियन मॅडमना द्या. ७५ टक्के हजेरीचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेवा, कॉलेजच्या भरवशावर राहू नका.

किचनमध्ये मावशींशी नीट वागा. सॉल्ट फ्री ताटं कोणती, आरटी फीड (नाकातल्या नळीनं द्यायचं पातळ अन्न) कोणत्या बेडचं, इंडेंटमध्ये (किचनच्या मागणी-यादीत) आज डाळ किती कमी आली, हे सगळं त्यांना पाठ असतं. पुस्तकात ‘क्वांटिटी फूड प्रॉडक्शन’ नावाचा जो रुक्ष पेपर आहे तो त्यांच्याजवळ उभं राहून दोन सकाळींत कळतो.

वॉर्डातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे २४ तासांत काय खाल्लं ते विचारणं. प्रोजेक्टलाही तेच लागते, व्हायव्हातही तेच विचारतात. फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला तर आपल्याकडचा पेशंट एकच उत्तर देतो: ‘काई नाई खाल्लं वो बाई.’ नुकत्याच भरती झालेल्या एका आजीला मी वेळ धरून विचारत गेले. सकाळी गाय सोडली तेव्हा काय घेतलं? चहा. चहासंगं? ‘दोन टोस.’ वावरात भाकर नेली होती का? नेली होती, जवसाच्या चटणीसोबत. चटणीवर तेल? ‘थे त घ्याच लागते.’ असं करत करत काहीच न खाल्लेल्या बाईचा कागद भरला. वाटी आणि चमचा पिशवीत ठेवा आणि पेशंटच्या हातात द्या, ‘मध्यम वाटी’ म्हणजे प्रत्येक घरी वेगळी. तेलाचं थेट विचारू नका, सगळे कमीच सांगतात. महिन्याला तेल किती आणता आणि खाणारी माणसं किती, एवढं विचारा. पाच माणसं आणि महिन्याला चार किलो म्हणजे माणशी रोजचं सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. सुनेला विचारलं तर आकडा आणखी खरा येतो.

भाकरीचंही तसंच. डायबिटीसच्या पेशंटला कोणीतरी सांगून ठेवलेलं असते की ज्वारीची भाकर कितीही चालते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ किलोकॅलरी आहेत. आता आपल्या घरी आईला एक भाकर थापायला लावा आणि त्याआधी पीठ काट्यावर मोजा. वऱ्हाडातली थाळीएवढी भाकर आणि पुण्याच्या पुस्तकातली भाकर एक नसते. हा तक्ता फोनमध्ये उतरवून ठेवा, गावात रेंज जाते आणि लाईट तर जातेच.

किडनीच्या पेशंटला पोटॅशियम कमी करायला भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं, हे सांगताना माझी परीक्षाच झाली. ‘पाणी फेकलं त भाजीत राह्यलं काय?’ असं एका काकांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. काही जीवनसत्त्वंही त्या पाण्यासोबत जातात. पण त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टपुढे तो सौदा परवडतो, हे त्यांना रिपोर्ट दाखवूनच पटलं. त्या रात्री रीनल डाएटचा धडा वाचायला मला फार वेळ लागला नाही.

अभ्यास असा वॉर्डाला बांधा. पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे मेळघाटच्या बाजूला वगैरे, काही दिवस मिळत असतील तर सोडू नका. तीव्र कुपोषित बाळ सहा किलोचं, सूज नाही, तर एफ-७५ (अशा बाळांना सुरुवातीला देतात ते उपचाराचं दूध) किलोमागे १३० मिली धरून दिवसाचं ७८० मिली, दर दोन तासांनी ६५. पेपरात हेच गणित येते. तिथल्या सिस्टरच्या हातून ते एकदा दिलेलं पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर मी वॉर्डात खिशातल्या वहीत फक्त खुणा करायची आणि त्याच दिवशी, रूमवर जेवायच्या आधी, त्या उतरवून काढायची. जेवणानंतर होत नाही. शनिवारी गावी जायचं तर सोमवारी मुक्कामी गाडीनं पहाटे निघावं लागते, आणि ती गाडी पावसाळ्यात कधी येते कधी नाही. किचन ड्युटीच्या महिन्यात म्हणून गावी जाऊच नका. बाकी वेळी महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेवढं सुख.

घरच्यांना आधीच सांगा. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत तेव्हा फोन येतोच, ‘दोन दिवस ये’. इंटर्नशिपच्या खाड्याची भरपाई शेवटी करून द्यावी लागते, हे त्यांना माहीत नसते. आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला स्थळंही नेमकी वेचणीच्या आगेमागेच येतात. पाहुण्यांना रविवार द्या, ओपीडी बंद असते.

पैशाचं लवकर बघा. बऱ्याच दवाखान्यांत विद्यावेतन मिळत नाही, काही ठिकाणी उलट आपल्यालाच फी भरावी लागते. वसतिगृहाला नंबर लागला नाही तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी स्वाधार योजना, यांच्या अटी वाचा आणि अर्ज मुदतीच्या आधी भरा. तलाठी, सेतू, उत्पन्नाचा दाखला यांत दिवस जातात.

लॉगबुकवर सही रोज नाही तर निदान शनिवारी घ्या. महिनाभराच्या सह्या एकदम मागितल्या की मॅडम चिडतात, आणि चिडायलाच पाहिजे. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचा: सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, विभागांची नावं, डाएटिशियनची सही आणि नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा गोल शिक्का. काही राहिलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या; नंतर मॅडमची बदली झाली की त्या सहीसाठी दुसऱ्या जिल्ह्याची एसटी धरावी लागते.