एका कंपनीची चेन, दुसऱ्या कंपनीची क्विक लिंक: जोडणीपूर्वी काय पाहावे

गिअरच्या सायकलची चेन जोडण्यासाठी आता बहुतेक कंपन्या क्विक लिंक देतात. ही लिंक म्हणजे चेनची एक बाहेरची कडी असून ती दोन सुट्या पट्ट्यांची बनलेली असते. प्रत्येक पट्टीला एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला एका बाजूने निमुळती होत जाणारी खाच असते. चेन ताणली गेली की दोन्ही पिना समोरच्या खाचेच्या अरुंद भागात जाऊन बसतात. साध्या बिनगिअरच्या सायकलच्या चेनला क्लिप असलेले जे लॉक असते, ते वेगळे. त्याची क्लिप बाहेर येत असल्यामुळे ते डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) गिअरवर चालत नाही.

सायकलच्या सर्व आधुनिक चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी असते. त्यामुळे शिमानो कंपनीच्या चेनला केएमसी किंवा स्रॅम या दुसऱ्या कंपन्यांची लिंक लांबीच्या बाबतीत नेहमीच जुळते. अडचण रुंदीची असते. कॅसेटमधील, म्हणजे मागच्या चाकावरील संचातील, दातेरी चकत्यांची संख्या वाढत गेली तसे त्यांच्यामधील अंतर कमी होत गेले आणि चेनची बाहेरची रुंदी, म्हणजेच पिनेची लांबी, त्याबरोबर घटली. सहा ते आठ गिअरच्या (म्हणजे मागे सहा ते आठ चकत्या असलेल्या सायकलच्या) चेनमध्ये ती साधारण 7.1 ते 7.3 मिमी, नऊ गिअरमध्ये सुमारे 6.6, दहामध्ये सुमारे 5.9, अकरामध्ये सुमारे 5.5 आणि बारामध्ये सुमारे 5.2 ते 5.3 मिमी असते. लिंक कोणत्या कंपनीची आहे याहून तिची पिन चेनच्या पिनेइतकी लांब आहे का, हे अधिक महत्त्वाचे आहे. व्हर्नियर कॅलिपर हाताशी असेल तर चेनची एखादी बाहेरची कडी आणि बंद केलेली नवी लिंक, दोन्हींची रुंदी मोजून पाहावी. नऊ गिअरची लिंक अकरा गिअरच्या चेनवर बसल्यासारखी वाटते, पण तिच्या पट्ट्या सैल राहतात, लिंक आडवी हलते आणि शेजारच्या चकतीला घासते. भार आल्यावर ती उघडण्याचा धोकाही असतो. याउलट पिन आखूड असलेली लिंक एक तर खाचेत जात नाही, किंवा गेली तर सांधा आखडतो.

मात्र सायकलला किती गिअर आहेत हे मोजून दुकानात लिंक मागणे पुरेसे नाही. शिमानोच्या 2023 साली आलेल्या क्यूज या गिअरच्या भागांच्या मालिकेत नऊ, दहा आणि अकरा गिअरच्या सर्व सायकलींना एकच चेन वापरली जाते आणि ती अकरा गिअरच्या मापाची असते. अशा नऊ गिअरच्या सायकलला नऊची लिंक घेतली तर ती चुकीची ठरते. म्हणून चेनच्या बाहेरच्या पट्टीवर कोरलेले कंपनीचे नाव आणि क्रमांक वाचावा आणि त्यावरून लिंक निवडावी. दुसरा अपवाद स्रॅमच्या फ्लॅटटॉप चेनचा आहे. 2019 मध्ये रोड सायकलींसाठी आलेल्या या बारा गिअरच्या चेनची वरची कड सपाट असते आणि तिचे रोलर, म्हणजे पिनांवर फिरणाऱ्या नळ्या, नेहमीच्या चेनपेक्षा मोठ्या व्यासाचे असतात. तिला तिच्यासाठीच बनवलेली पॉवरलॉक लिंक लावावी. त्याच कंपनीच्या माउंटन बाइकसाठीच्या, सपाट कड नसलेल्या ईगल चेनची लिंकसुद्धा तिथे चालत नाही.

आठ आणि नऊ गिअरपर्यंत कंपन्यांची सरमिसळ निर्धास्तपणे करावी, असे माझे मत आहे. मापे सैल आहेत आणि पट्ट्या जाड आहेत. दहा गिअरच्या बाबतीतही हा प्रघात जुना आहे, कारण शिमानो दीर्घकाळ केवळ जोडपिन, म्हणजे चेन जोडताना दाबून बसवायची सुटी पिनच देत असे आणि त्या चेनवर केएमसीची मिसिंगलिंक नावाची लिंक किंवा स्रॅमची दहाची लिंक लावणारे सायकलस्वार सर्वत्र होते. अकरासाठी मापे पडताळूनच मिश्रण करावे. बारा गिअरला मात्र चेन ज्या कंपनीची तिचीच लिंक घ्यावी. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक जाणवतो आणि कड्यांचे आकार कंपनीगणिक बदलतात, तेव्हा लिंकेच्या किमतीत केलेली बचत कॅसेटवर बेतू शकते.

प्रत्यक्ष जोडणीत पहिली अट अशी की चेनची दोन्ही टोके आतल्या, म्हणजे अरुंद कडीची असली पाहिजेत. जोडपिनेने जोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चेनचे एक टोक रुंद कडीचे असते. लांबी ठरवताना ती कडी चेन टूलने (पिन ढकलून बाहेर काढणाऱ्या हत्याराने) काढून टाकावी लागते, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते. चेन डिरेलरमधून ओवून झाल्यावर एक पट्टी एका टोकात आतल्या बाजूने आणि दुसरी दुसऱ्या टोकात बाहेरच्या बाजूने घालावी, पिना समोरच्या खाचेच्या रुंद भागातून पलीकडे काढाव्यात आणि हाताने चेन ताणावी. त्यानंतर पॅडल फिरवून लिंक चेनच्या वरच्या धावेत, चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) आणि कॅसेट यांच्या मधोमध आणावी, मागचा ब्रेक घट्ट दाबून पॅडलवर पायाने जोर द्यावा. टक् असा आवाज येऊन पिना जागेवर जातात. काही लिंकांवर बाण कोरलेला असतो. तो चेन फिरण्याच्या दिशेकडे असावा. विपरमानच्या कॉनेक्स लिंकेची एक कड फुगीर असते आणि ती दात्यांपासून दूर, बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजे. ती उलटी बसली तर अकरा दात्यांच्या लहान चकतीवर चेन उडू लागते आणि दोष उगाच डिरेलरला दिला जातो.

बसवल्यावर लिंक बोटांनी वरखाली वाकवून पाहावी. ती शेजारच्या कड्यांइतकीच सहज वाकली पाहिजे. मग दोन्ही बाजूंनी पिनांची टोके पाहावीत. ती खाचेच्या अरुंद टोकाला पूर्ण टेकलेली हवीत. निम्म्यावर अडकलेली लिंक चढावर उभे राहून पॅडल मारताना सुटू शकते.

लिंक उघडण्यासाठी खास पक्कड मिळते आणि दहा गिअरपासून पुढे ती घेणे योग्य. ती नसेल तर गिअरच्या जुन्या केबलचा तुकडा लिंकेच्या दोन्ही रोलरभोवती तिरका गुंडाळून जोरात आवळला तरी काम होते. उघडलेली लिंक पुन्हा वापरावी का, याचे उत्तर कंपनीगणिक वेगळे आहे. स्रॅमची आठ-नऊ गिअरची पॉवरलिंक आणि कॉनेक्स पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेल्या आहेत. स्रॅमची पॉवरलॉक आणि शिमानोची लिंक कंपनीच्या सूचनेनुसार एकदाच वापरायची असते. केएमसीच्या नावापुढे आर असेल तर लिंक पुन्हा वापरता येते, एनआर असेल तर नाही. दर वेळी उघडताना खाचेची कड थोडी झिजते, त्यामुळे टक् आवाज न करता हातानेच बंद होणारी लिंक टाकून द्यावी. चेन धुण्यासाठी दर आठवड्याला एकदाच वापरायची लिंक उघडण्यापेक्षा चेन सायकलवरच साफ करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नव्या चेनला जुनी लिंक लावणेही टाळावे, कारण लिंकही चेनइतकीच झिजलेली असते.

लांबच्या प्रवासात, विशेषतः वस्ती विरळ असलेल्या घाटरस्त्यांवर, चेन टूलबरोबर आपल्या मापाच्या दोन नव्या लिंका आणि जुन्या चेनमधून काढलेली एक आतली कडी जवळ ठेवावी. बाहेरची कडी तुटली तर तिचे अवशेष काढून तिथे एक लिंक बसवली की चेनची लांबी होती तेवढीच राहते. आतली कडी तुटली तर तिच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्याही काढाव्या लागतात; त्या जागी लिंक, सुटी कडी आणि पुन्हा लिंक असा क्रम लावला की लांबी भरून निघते. सुटी कडी नसेल आणि एकाच लिंकेवर भागवले, तर चेन एक इंचाने आखूड होते. अशा वेळी पुढची मोठी चेनरिंग आणि मागची सर्वांत मोठी चकती एकत्र वापरू नये, अन्यथा चेन ताणून डिरेलर मोडू शकतो.