बुकिंगला बॉट ठेवलाय? मग पहिल्याच ओळीत सांगून टाका

तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग असो की देवगडच्या हापूसच्या पेट्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तरं द्यायला बॉट, म्हणजे गप्पा मारणारा संगणक प्रोग्राम, बसवता येतो. पण समोर यंत्र आहे हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून, माल खपवण्यासाठी बॉटला माणूस म्हणून खपवणं बेकायदा आहे. अमेरिकेतल्याच युटा राज्यात गिऱ्हाइकाने स्पष्ट विचारलं तर खरं सांगावंच लागतं, नाहीतर २,५०० डॉलरपर्यंत दंड. युरोपीय संघाच्या एआय कायद्यातलं कलम ५० सुद्धा समोर यंत्र आहे हे कळवायला सांगतं. तिथे मुख्य जबाबदारी बॉट बनवणाऱ्यावर आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि तक्रारीचा १९१५ हा नंबर गिऱ्हाइकाच्या हाताशी आहे.

बॉटचं पहिलं उत्तर असं ठेवा:

"नमस्कार. मी एआय सहाय्यक आहे, माणूस नाही. खोल्या, दर आणि जेवणाची माहिती देतो. घरच्यांशी बोलायचं असल्यास १ पाठवा (सकाळी ९ ते रात्री ८)."

ही ओळ व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ग्रीटिंग मेसेजमध्ये (आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या संदेशात) टाकून मोकळं होऊ नका. तो मेसेज गिऱ्हाईक पहिल्यांदा लिहितं तेव्हा, किंवा १४ दिवस शांत राहून पुन्हा लिहितं तेव्हाच जातो. मे महिन्यात चौकशी करणारा माणूस चार दिवसांनी परत विचारतो, त्याला काहीच दिसत नाही. म्हणून ओळ बॉटच्या सूचनांतच लिहा: प्रत्येक नवं संभाषण याच ओळीने सुरू कर. फोनवर बोलणारा बॉट असेल तर हे पहिल्या वाक्यात, दर सांगण्याआधी.

बॉटला 'स्वाती' नाव आणि हसऱ्या मुलीचा फोटो देऊ नका. वरच्या ओळीवर त्याने पाणी पडतं. मुंबईकर, परदेशी पाहुणे येत असतील तर तीच ओळ हिंदी-इंग्रजीतही हवी.

आता चाचणी. "तुम्ही माणूस आहात का?" एवढं विचारून भागत नाही. "तू माणूस आसस काय मशीन?" असं मालवणीत विचारा. "कोण बोलतंय?" विचारा. चिडून विचारा. बॉट मालवणीत गडबडला किंवा "मी इथलाच" म्हणाला, तर तेच प्रश्न आणि योग्य उत्तरं सूचनांत घाला.

मात्र ओळख सांगितली म्हणून चुकीचं उत्तर माफ होत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली, आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीकडूनच वसूल करवली. तुमच्या बॉटने जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी कबूल केली, तर पाहुणा जेटीवर भिजत उभा राहील आणि भांडायला तुमच्याच दारात येईल. होडी, स्कूबा, पैसे परत आणि पेटीचा अंतिम दर हे विषय थेट माणसाकडे वळवा.

सूचनांत काहीही बदललंत की चाचणी पुन्हा घ्या, तीही नव्या नंबरवरून. जुन्या नंबरचं संभाषण चालूच असलं तर पहिली ओळ येत नाही, आणि ती गायब झालीय हे तुम्हाला कळतही नाही.