रब्बीत रात्री पाणी धरायला जाताना बॅटरीत कोणता सेल असावा?

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. तेव्हाचं पाणी चुकलं की फुटवे कमी येतात, त्यामुळे ते पुढे ढकलता येत नाही. त्या आठवड्यात मोटरची थ्री फेज वीज रात्रीची असली तर रात्रीच रानात जावं लागतं. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. पण ज्यांच्या फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या लाइनवर) ती अजून पोचलेली नाही, त्यांच्या हातातली बॅटरी पहाटेपर्यंत टिकलीच पाहिजे. पाटाच्या कडेला घोणस किंवा मण्यार असू शकते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात तर ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा मोडतो आणि तो बांधावर दिसू लागतो. अशा वेळी मध्येच उजेड गेला तर जिवावर बेतू शकतं.

बॅटरीत घालायच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप. १८६५० म्हणजे जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. शेवटचं शून्य गोल नळीच्या आकाराचं. त्याच हिशेबाने २१७०० हा २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब. १४५०० हा पेन्सिल सेलएवढा असतो आणि तिथेच घोटाळा होतो. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा ३.७ व्होल्टचा. साध्या पेन्सिल सेलच्या बॅटरीत तो घातला तर दिवा जळू शकतो.

आता रात्रीचा हिशेब करू. सेलमध्ये किती वीज मावते ते एमएएचमध्ये मोजतात. चांगला १८६५० सेल २,६०० ते ३,५०० एमएएच भरतो, २१७०० साधारण ४,००० ते ५,०००. समजा दिवा ३ वॅट ओढतो. २,६०० चा सेल त्यावर जेमतेम तीन तास चालेल, ५,००० चा सहा तासांच्या आसपास. थंडीत यातही थोडी घट येते. निफाडकडच्या पहाटेला ती जाणवते. म्हणजे आठ तासांच्या पाळीला पूर्ण उजेडावर एक सेल कोणताच पुरणार नाही. वाफ्याचं दार फोडताना आणि पाय टाकताना मंद, पसरट उजेड पुरतो. लांबचा झोत उसाच्या फडाकडे बघायचं तेव्हाच लावा.

रोज रात्री एकट्याने जाणाऱ्याने २१७०० ची बॅटरी घ्यावी, असं माझं मत आहे. सेल जड असतो, साधारण ७० ग्रॅम, पण निम्म्या रात्री अंधारात सेल बदलायची वेळ येत नाही. घरात आधीच १८६५० ची बॅटरी असेल तर नवीन घेण्याची गरज नाही, एक चांगला जादा सेल घ्या. १४५०० फक्त गोठ्यापर्यंत जायला ठीक. मात्र सेल बाहेर काढता येतो अशीच बॅटरी घ्या. सीलबंद बॅटरीतला सेल संपला की अख्खी बॅटरी टाकावी लागते.

बाजारात १८६५० वर ९,९०० एमएएच छापलेलं सर्रास दिसतं. ते खोटं आहे, एवढ्या आकारात तेवढी क्षमता बसतच नाही. दुकानातल्या डिजिटल काट्यावर सेल ठेवा. अस्सल १८६५० साधारण ४२ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर घेऊ नका. संरक्षक सर्किट असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, म्हणून बॅटरी सोबत नेऊन बसतो का ते बघूनच पैसे द्या. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त मिळतात, पण ते किती झिजलेत हे वरून कळत नाही. ते टाळा. दोन सेलची बॅटरी असेल तर दोन्ही एकाच बनावटीचे आणि एकाच वेळी घेतलेले हवेत.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र कुणी हयगय करू नये. हा सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो, आणि तिथे आपोआप थांबणारा चार्जरच वापरा. फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या चार्जरला तारा जोडून सेल भरण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्याने सेल पेटतो. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा अंथरुणावर चार्जिंग नको. फरशीवर, नजरेसमोर करा. सेल फुगला, हाताला चटका बसण्याइतका तापला किंवा वरचं प्लास्टिक फाटलं तर तो वापरातून काढा. जादा सेल खिशात सुटा ठेवू नका. मोटरच्या पेटीची किल्ली दोन्ही टोकांना लागली तरी शॉर्ट होतो. प्लास्टिकची छोटी डबी करा आणि ती आतल्या खिशात ठेवा, म्हणजे सेल गारठणारही नाही.

हंगाम संपला की सेल अर्धा भरून, बॅटरीतून काढून, घरातल्या थंड कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखाली उन्हाळाभर पूर्ण भरलेला राहिला तर पुढच्या रब्बीत तो तेवढा चालत नाही.